छाती फुलते म्हणून हवा आत येते

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत नुकताच श्वसनसंस्थेवर एक पानभर लेख आकृतीसह प्रसिद्ध झाला. एरवी आजार झाल्याशिवाय ज्याची आठवण होत नाही अशा विषयाला आपण एवढी जागा दिलीत, याबद्दल प्रथम मनापासून आभार मानते. मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, आणि निवृत्तीनंतरही असा लेख दिसला की हातात पेन्सिल घेऊनच तो वाचण्याची सवय सुटलेली नाही. या लेखातील तीन विधानांखाली मी रेघा ओढल्या, आणि त्यांपैकी एका विधानामुळे हे पत्र लिहिणे मला कर्तव्य वाटले.

फुप्फुसांत हवा भरते आणि त्यामुळे छाती फुगते, असे लेखाच्या आरंभी म्हटले आहे. पुढे कार्बन डायऑक्साइड हा शरीरातला विषारी कचरा असून तो जितका बाहेर टाकावा तितके चांगले, असे सांगितले आहे. आणि शेवटी पोहणाऱ्यांना सल्ला दिला आहे की, बुडी मारण्यापूर्वी मिनिटभर जोरजोरात खोल श्वास घेतल्यास शरीरात ऑक्सिजनचा साठा होतो व पाण्याखाली अधिक वेळ राहता येते. पहिल्या विधानात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे, दुसरे अर्धवट खरे आहे, आणि तिसऱ्यावर विसंबून वागणारा माणूस बुडून मरू शकतो. ही तिन्ही विधाने एकमेकांना धरून आहेत. श्वास म्हणजे बाहेरची चांगली हवा आत कोंबणे आणि आतली वाईट हवा हाकलणे, या एकाच समजुतीतून ती आली आहेत, म्हणून त्या समजुतीपासूनच सुरुवात करते.

फुप्फुसे स्वतःहून फुगू शकत नाहीत, कारण त्यांना ताणून मोठे करील असा एकही स्नायू त्यांच्यात नाही. ती मऊ, स्पंजासारखी आणि लवचीक असतात आणि संधी मिळाली की आक्रसण्याकडेच त्यांचा कल असतो. श्वास घेण्याचे काम छातीच्या पिंजऱ्याचे आणि त्याच्या तळाशी घुमटासारख्या पसरलेल्या श्वासपटलाचे आहे. श्वासपटल आकुंचन पावले की त्याचा घुमट सपाट होत खाली सरकतो. शांत श्वासात हे सरकणे जेमतेम दीड सेंटीमीटरचे असते, खोल श्वासात ते त्याच्या कित्येक पट होते. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्यांना वर व बाहेर उचलतात. छातीच्या पोकळीचे आकारमान वाढते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा त्या उताराने आत येते. लोहाराच्या भात्याला कोणी आधी हवा भरत नाही. भाता उघडला जातो, म्हणून हवा त्यात शिरते. छातीचेही तसेच आहे.

हा दाबातला फरक किती कमी असतो, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांचा नेहमी विश्वास बसत नसे. शांत श्वास घेताना फुप्फुसांच्या आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा पाण्याच्या साधारण एका सेंटीमीटरच्या स्तंभाएवढाच कमी होतो, म्हणजे वातावरणाच्या एकूण दाबाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. एवढ्याशा उतारावर अर्धा लिटर हवा दीड-दोन सेकंदांत आत येते, यावरून निरोगी श्वासमार्ग किती मोकळे असतात हे कळते, आणि दम्यात त्याच मार्गांचा व्यास थोडा कमी झाला तरी रुग्णाला इतके कष्ट का पडतात, हेही.

फुप्फुसे छातीच्या मागोमाग का फुलतात, याचे उत्तर फुप्फुसावरणाच्या दुहेरी पडद्यात आहे. एक पडदा फुप्फुसाला आणि दुसरा छातीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला असतो, व दोहोंमध्ये द्रवाचा अगदी पातळ थर असतो. फुप्फुसे आत आक्रसू पाहतात, छातीची भिंत बाहेर पसरू पाहते, आणि या ओढाताणीमुळे दोन पडद्यांमधल्या जागेत दाब वातावरणापेक्षा कायम कमी राहतो. ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकतात पण सहज विलग होत नाहीत, तसे हे दोन पडदे वागतात. अपघातात छातीला भोक पडून बाहेरची हवा या जागेत शिरली, तर फुप्फुस जागच्या जागी मिटते आणि छाती कितीही हलली तरी ते तिच्या मागे जात नाही. हवा भरल्यामुळे छाती फुगत असती, तर असे घडायचे कारण नव्हते.

उच्छ्वासाबद्दलही एक वाक्य लिहिणे आवश्यक आहे, कारण लेखात श्वास घेणे आणि सोडणे या दोन्हींसाठी सारखेच कष्ट पडतात असे सूचित झाले आहे. शांत उच्छ्वासाला स्नायूंचे बळ लागत नाही. श्वासपटल सैल होते आणि ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचीकपणाने मागे येतात. पोटाचे आणि बरगड्यांमधले आतले स्नायू कामाला लागतात ते धावताना, खोकताना, गाताना. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या माणसाच्या फुप्फुसांचा हा लवचीकपणा गेला, की त्याला श्वास सोडण्यासाठीच झगडावे लागते, आणि छाती सतत भरलेल्या स्थितीत राहून पिंपासारखी दिसू लागते.

श्वासपटलाला आज्ञा नेणारी चेता मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघते. श्वासपटल छातीच्या तळाशी आणि त्याची चेता मानेत, ही रचना प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. गर्भावस्थेत श्वासपटलाची जडणघडण मानेच्या भागात सुरू होते आणि पुढे ते खाली सरकताना आपली चेता बरोबर ओढून आणते. याच कारणाने मज्जारज्जूला या पातळीच्या वर गंभीर इजा झाली तर श्वास थांबतो, पण खाली झाली तर हातपाय लुळे पडूनही माणूस स्वतःचा श्वास घेत राहू शकतो. अपघातग्रस्ताची मान हलवू नये, असे प्रथमोपचारात पुन्हा पुन्हा बजावले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आत आलेल्या हवेचा हिशेब. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी एका श्वासात सुमारे ५०० मिलिलीटर हवा घेतो आणि मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. पण या ५०० मिलिलीटरपैकी सुमारे १५० मिलिलीटर हवा नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या शाखांमध्येच राहते आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर जशीच्या तशी बाहेर येते. रक्ताशी देवाणघेवाण होते ती उरलेल्या ३५० मिलिलीटरची. मिनिटाला १२ श्वास धरले तर एकूण सहा लिटर हवेपैकी ४.२ लिटर उपयोगी पडते. तेच सहा लिटर कोणी मिनिटाला २४ उथळ श्वासांत घेतले, तर प्रत्येक श्वासाच्या २५० मिलिलीटरपैकी १०० मिलिलीटरच कामी येतात आणि उपयुक्त हवा २.४ लिटरवर घसरते. मिनिटाला ४० वेळा १५० मिलिलीटरचे श्वास घेणाऱ्याच्या छातीची हालचाल जोरात दिसेल, पण ताजी हवा जिथे पोहोचायला हवी तिथे जवळजवळ पोहोचणारच नाही. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर मांडत असे. धापा टाकणाऱ्या रुग्णाकडे पाहून "श्वास तर भराभर चालू आहे" असे समाधान मानू नये, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसावे एवढाच त्यामागचा हेतू होता.

मात्र वाया जाणाऱ्या त्या १५० मिलिलीटरच्या मार्गाला लेखात नुसती नळी म्हटले आहे, ते मला पटले नाही. नाकाच्या आत प्रत्येक बाजूला तीन वळणदार कंगोरे असतात. त्यांच्यावरून वळत जाताना हवा गरम होते, ओलावते आणि तिच्यातले मोठे कण अस्तरावर आदळून चिकटतात. हवा छातीत खोलवर पोहोचेपर्यंत ती शरीराच्या तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते, मग बाहेर कडाक्याची थंडी असो वा कोरडे वाळवंट. नाकातून निसटलेले कण श्वासमार्गाच्या श्लेष्म्यात, म्हणजे चिकट स्रावात, अडकतात, आणि अस्तरावरील सूक्ष्म रोमके सेकंदाला दहा-पंधरा वेळा लयीत हलून तो श्लेष्मा घशाकडे ढकलत राहतात. आपल्या नकळत तो गिळला जातो. तंबाखूच्या धुराने ही रोमके लुळी पडतात आणि पुढे झडतात, मग श्लेष्मा वर आणायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही. धूम्रपान करणाऱ्याचा सकाळचा खोकला हा मोडलेल्या यंत्रणेच्या बदल्यात शरीराने केलेली मजुरी आहे. अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण मात्र या सगळ्यांना चुकवून थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोहोचतात, म्हणूनच प्रदूषणाच्या मोजणीत त्यांना वेगळे स्थान आहे.

श्वासनलिका सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांब असते आणि मागच्या बाजूने उघड्या असलेल्या १६ ते २० कूर्चांच्या कड्या तिला मोकळी ठेवतात. मागची उघडी बाजू अन्ननलिकेला लागून असते. पुढे तिचे दोन फाटे होतात आणि प्रत्येक फाटा पुन्हा पुन्हा दुभंगत साधारण २३ पिढ्यांनंतर वायुकोशांत संपतो. आपल्या आकृतीत दोन्ही मुख्य फाटे आणि दोन्ही फुप्फुसे आरशातल्या प्रतिमेसारखी सारखी दाखवली आहेत. वास्तविक उजवा फाटा अधिक रुंद, आखूड आणि उभा असतो, म्हणून लहान मुलाच्या श्वासात गेलेला मणी किंवा बी बहुतेक वेळा उजवीकडे सापडते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोनच, कारण त्या बाजूला हृदयाला जागा द्यायची असते. आकृतीत हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी लाल रंगात छापली आहे. तिच्यातून ऑक्सिजन कमी असलेले रक्त वाहते, त्यामुळे नेहमीच्या संकेतानुसार ती निळी हवी होती. शरीरात याच एका ठिकाणी रोहिणी आणि नीला यांचे नेहमीचे रंग उलटतात.

वायुकोशांबद्दल लिहिताना लेखकाने त्यांची संख्या दिली, ते योग्यच केले. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते सुमारे ३० ते ५० कोटी असतात आणि त्यांचे एकत्रित पृष्ठफळ ७० चौरस मीटरच्या आसपास भरते. पण हे कोट्यवधी इवलेसे कोश मिटून का जात नाहीत, हा प्रश्न लेखात आलाच नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तो सर्वांत सुंदर प्रश्न आहे. वायुकोशाच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे असा प्रत्येक बुडबुडा आक्रसू पाहतो, आणि जितका तो लहान तितका आक्रसण्याचा जोर अधिक. केवळ पाणीच असते, तर लहान कोश मोठ्यांत रिकामे होऊन मिटले असते. वायुकोशाच्या भिंतीतील काही विशिष्ट पेशी साबणासारखे काम करणारा एक स्निग्ध पदार्थ स्रवतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो पृष्ठताण कमी करतो, आणि कोश लहान होताना त्याचे रेणू दाटीने गोळा होत असल्याने तिथे त्याचा परिणाम अधिक होतो. गर्भाच्या फुप्फुसांत हा पदार्थ पुरेसा तयार होतो तो साधारण ३४ ते ३५ आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळांच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत का ओढल्या जातात आणि ती का दगावतात, याचा उलगडा १९५९ साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी केला. या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट पुरेसे नाही, हे त्यांनी दाखवले. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी सिद्ध केले की अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, आणि १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट घालून उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. आज असंख्य बाळे या ज्ञानावर श्वास घेत आहेत.

वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाड असतो. विश्रांतीच्या वेळी तांबडी रक्तपेशी या केशवाहिनीतून सुमारे पाऊण सेकंदात जाते, आणि निरोगी फुप्फुसात त्या वेळेच्या पहिल्या तृतीयांशातच तिचे हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरते. म्हणजे वेळ हाताशी बराच शिल्लक असतो, आणि धावताना रक्ताचा वेग वाढला तरी काम निभते. न्यूमोनियात पडदा सुजला आणि कोश द्रवाने भरले की हा शिल्लक वेळ खर्ची पडतो.

तिसरे विधान कुठे चुकते, ते इथे दिसू लागते. निरोगी माणूस शांतपणे श्वास घेत असताना त्याच्या रोहिण्यांतले हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलेच असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून साठा वाढत नाही, त्याचप्रमाणे जोरजोरात श्वास घेऊन रक्तातला ऑक्सिजन म्हणण्यासारखा वाढत नाही. लेखात ज्याला "अशुद्ध रक्त" म्हटले आहे, त्या परत येणाऱ्या रक्तातही हिमोग्लोबिन सुमारे ७५ टक्के भरलेले असते. अशुद्ध हा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकांनीच रुजवला, हे मला मान्य आहे, आणि तरीही तो आता टाकावा असे मला वाटते. त्या रक्तात घाण नसते. ऑक्सिजन थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा अधिक, एवढाच फरक असतो.

कार्बन डायऑक्साइडबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्यावे. तो पेशींच्या कामातून तयार होतो, विश्रांतीत मिनिटाला सुमारे २०० मिलिलीटर, आणि तो बाहेर जायलाच हवा, इथवर लेखकाचे म्हणणे बरोबर आहे. पण शरीर तो संपूर्ण बाहेर टाकत नाही. रोहिणीतल्या रक्तात त्याचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास काटेकोरपणे राखला जातो, कारण रक्ताची आम्लता त्यावर अवलंबून असते. त्याचा बहुतांश भाग, सुमारे ७० टक्के, बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेला जातो, आणि कार्बन डायऑक्साइड व बायकार्बोनेट ही जोडीच रक्ताचे सामू (पीएच) मूल्य ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात ठेवते. शिवाय पेशींजवळ कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते, हे ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखवले. ज्या ऊतीला अधिक काम, तिथे अधिक कार्बन डायऑक्साइड, आणि म्हणून तिथेच ऑक्सिजन अधिक सुटतो. ज्याला कचरा म्हटले, तोच ऑक्सिजन कुठे उतरवायचा ते सांगत असतो.

आणि श्वास केव्हा घ्यायचा, हेही प्रामुख्याने तोच सांगतो. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले की वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला तरी श्वसन लगेच वाढते. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेजवळ असलेल्या संवेदक पेशी त्यामुळे बदललेली आम्लता ओळखतात. ऑक्सिजनची दखल घेणारे संवेदकही आहेत. मानेतल्या रोहिणीच्या फाट्यापाशी असलेल्या अशा संवेदकांच्या कार्यावरील संशोधनासाठी कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते जोराने बोलू लागतात तेव्हा रक्तातील ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या सुमारे १०० मिलिमीटरवरून ६० च्या खाली येत असतो. श्वास रोखून धरल्यावर जी घुसमट आणि जीवाची कासाविशी आपल्याला जाणवते, ती मुख्यतः साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची असते. ऑक्सिजन संपत आल्याची खणखणीत सूचना देणारी जाणीव माणसाला जवळजवळ नाही.

आता बुडी मारण्यापूर्वी मिनिटभर जोरजोरात श्वास घेणाऱ्याचे काय होते ते पाहू. ऑक्सिजन वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड बराच कमी होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, थोडी चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. यालाच पुष्कळजण "ऑक्सिजन चढला" असे समजतात. मग तो पाण्याखाली जातो. स्नायू ऑक्सिजन वापरत राहतात, पण श्वास घे म्हणणारा कार्बन डायऑक्साइड मुळातच खाली आणलेला असल्याने त्याची पातळी इशाऱ्यापर्यंत पोहोचायला उशीर लागतो, आणि तोवर ऑक्सिजन शुद्ध हरपण्याइतका घसरलेला असतो. घुसमट न होता, मदतीसाठी हात न हलवता माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. खोल पाण्यातून वर येताना धोका आणखी वाढतो, कारण पाण्याचा दाब कमी होताच फुप्फुसांतील ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने उतरतो. पट्टीचे पोहणारे यात सापडतात, कारण बुडी लांबवण्याची उमेद त्यांनाच असते.

माझा एक विद्यार्थी असाच पट्टीचा पोहणारा होता. त्याने हाच उपाय कोणाकडून तरी ऐकला होता. मित्रांनी त्याला तळाशी निश्चल पाहिले, तेव्हा तो गंमत करतो आहे असे त्यांना काही क्षण वाटले. त्यांनी वेळीच ओढून काढले म्हणून तो वाचला आणि पुढे डॉक्टर झाला. "मला अजिबात त्रास होत नव्हता, मजेत होतो" एवढेच त्याला आठवत होते. त्या वाक्याने मी हादरले, आणि त्यानंतर कार्बन डायऑक्साइडचा धडा मी कधीही घाईत उरकला नाही.

याच वायूचे मोल न कळल्याने जाणकार डॉक्टरही कसे चकले होते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १९२८ मध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी तयार केलेल्या लोखंडी फुप्फुसात रुग्णाचे मानेखालचे शरीर बंद पेटीत ठेवून पेटीतील दाब कमी करत, म्हणजे छाती बाहेरून ओढून उघडत. भात्याचेच तत्त्व होते ते. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली तेव्हा अशी यंत्रे अपुरी पडली. मरणाऱ्या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे आणि रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा अर्थ लावला जाई. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले की ते कार्बन डायऑक्साइड साचल्याचे लक्षण आहे, म्हणजे रुग्ण पुरेसा श्वास घेऊच शकत नाहीत. त्यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत हवा आत ढकलायला लावली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, दिवसरात्र, रुग्णांच्या उशाशी बसून त्या पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून धरली जाते. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र लेखातले पहिले विधान खरे ठरते, कारण तिथे हवा ढकलली जाते आणि म्हणून छाती फुगते. पण ती निसर्गाची रीत नाही.

माझ्या पत्रामुळे कोणी दुसऱ्या टोकाला जाऊ नये, म्हणून दोन गोष्टी नोंदवते. कार्बन डायऑक्साइड फार साचला तर गुंगी येते आणि प्राणही जातो. जुनाट श्वसनविकाराच्या काही रुग्णांत तो आधीच वाढलेला असतो आणि बेसुमार ऑक्सिजन दिल्यास आणखी वाढतो, त्यामुळे घरी सिलिंडर असलेल्यांनी डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण आपल्या मनाने वाढवू नये. आणि घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याच्या तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नये, कारण ती धाप भीतीची नसून दम्याची किंवा हृदयविकाराची असेल तर त्यातून अपाय होतो. त्याला शेजारी बसवून श्वास सावकाश सोडायला सांगावे, आणि शंका असेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्याला विनंती आहे ती अशी. पोहण्याविषयीच्या वाक्याची दुरुस्ती पुरवणीच्या पुढच्याच अंकात, वाचकांच्या सहज नजरेस पडेल अशा जागी, चौकट करून छापावी. बाकीचे सगळे थांबू शकते, ती थांबू नये. आकृती नव्याने काढायची झाल्यास मी कच्चे रेखाटन पाठवीन. चौकटीसाठी मजकूर सोबत देत आहे, तो जसाच्या तसा वापरला तरी माझी हरकत नाही: "पाण्याखाली जाण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेऊ नये. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, श्वास घेण्याची सूचना मात्र उशिरा मिळते आणि पूर्वसूचनेशिवाय शुद्ध हरपू शकते. श्वास रोखून पोहण्याचा सराव एकट्याने कधीही करू नये. बुडी मारणाऱ्यावर काठावरून सतत नजर ठेवणारा माणूस हवा, आणि पाण्याखाली हालचाल थांबलेली दिसताच त्याने वाट न पाहता त्याला वर काढावे."

आपली विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका